गुडघ्यामागचा डोळा

उभ्या नाशकात पाठीला डोळे असलेला एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. भाचा म्हणून मी पदरचं घालून सांगतो आहे असं कुणाला वाटेल. पण एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत जे कोणी आमच्या जुन्या नाशकातल्या आळ्यांतून हिंडले असतील त्यांनी त्यांना पाहिलं असणार. डोक्याला पागोटं, अंगात बाराबंदी, हात जोडलेले, आणि चालणं उलटं. नवख्या माणसाला वाटे की हा गृहस्थ कुणाला तरी घाबरून मागे सरतो आहे. आम्हाला ठाऊक होतं की काका सराव करताहेत. त्यांच्या आळीत नरसिंहाचं एक लहानसं देऊळ होतं. वैशाखात नरसिंहजयंतीच्या दुसऱ्या दिवशी देवाची पालखी आंघोळीला गंगेवर जाई. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. त्या पालखीच्या पुढे, पालखीकडे तोंड करून, एक माणूस उलट्या पावलांनी देवळापासून घाटापर्यंत जाई आणि तसाच परत येई. देवाला पाठ दाखवायची नाही, जोडलेले हात सोडायचे नाहीत, कुणाचा आधार घ्यायचा नाही आणि मागे वळून बघायचं नाही, असा नेम होता. हा मान काकांच्या घराण्याचा होता आणि त्यांचे वडील गेल्यापासून तो काकांकडे होता.

वर्षातला एक दिवस उलटं चालायचं म्हणून माणसानं बाकीचे सगळे दिवस उलटं चालावं असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. पण काकांचा स्वभाव एखादी गोष्ट अंगाला लावून घ्यायची ती हाडापर्यंत लावून घ्यायची, असा होता. ते कुणाच्याही घरातून बाहेर पडताना यजमानांकडे तोंड करून, नमस्कार करत, मागे मागे सरत उंबरा ओलांडत. यजमानही बिचारे हात जोडून उभे राहत, कारण काका जिन्यावरून दिसेनासे होईपर्यंत हात खाली घेणं बरं दिसत नसे. देवाला पाठ दाखवायची नाही हे ठीक. पण हळूहळू ज्याच्याबद्दल आदर वाटे त्या कशालाच पाठ दाखवणं त्यांना जमेना. आईच्या तसबिरीला नाही, तुळशीला नाही, चांगला गूळ ठेवणाऱ्या वाण्यालाही नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर भाजीबाजारात गेलो होतो. एका बाईच्या टोपलीतली वांगी त्यांना इतकी आवडली की परत निघताना ते त्या वांग्यांकडे तोंड करून मागे सरू लागले आणि थेट कोथिंबिरीच्या ढिगात बसले. कोथिंबीरवालीनं त्यांचा उद्धार केला तेव्हा तिच्याकडे वळून, अत्यंत गंभीरपणे, ते म्हणाले, "बाई, चूक माझी. ही जागा मागच्या आठवड्यात मोकळी होती."

कारण रस्ता त्यांना पाठच होता. त्यांचं तपकिरीचं छोटं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की ते डोळे मिटून बसत. आत्याला वाटे डुलकी लागली. ते मनातल्या मनात गंगेवर जाऊन येत असत. घाण्याचा वास पाठीमागून आला की डावीकडे वळण, तांबटांची ठोकाठोक दोन्ही कानांना सारखी ऐकू आली की रस्त्याचा मध्य, आणि मानेमागे गार वारा लागला की पुढे, म्हणजे त्यांच्या हिशेबी मागे, उतार सुरू. नगरपालिकेनं एकदा आळीच्या तोंडाशी गटारावर नवी फरशी बसवली आणि ती जराशी उंच राहिली. काका स्वतः कचेरीत गेले. तिथल्या साहेबांना त्यांनी सांगितलं की या फरशीपायी एखाद्या दिवशी देव आडवा होईल. साहेब परगावचे होते, त्यांना काही उमगलं नाही, पण तक्रार ऐकून घेतल्याबद्दल काका त्यांच्याकडे तोंड करून नमस्कार करत मागे सरत निघाले आणि बाहेरून चहा घेऊन येणाऱ्या पट्टेवाल्यावर जाऊन आदळले. फरशी मात्र पुढच्या आठवड्यात खाली बसवली गेली. पालखीच्या महिन्यात ते स्वतः तपकीर ओढणं बंद करत. उलटं चालताना शिंक आली तर माणूस कुठे जाईल याचा नेम नाही, असं ते म्हणत, आणि महिनाभर पाणावलेल्या डोळ्यांनी गिऱ्हाइकांना पुड्या बांधून देत.

आता 'समोरच्यां'बद्दल सांगायला हवं. काकांच्या घरासमोर, आळीच्या पलीकडच्या अंगाला, त्यांचे सख्खे चुलतभाऊ राहत. भांड्यांचं दुकान, घरात दोन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं भरलेलं. लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. पण आजोबांच्या मागे मान थोरल्या पातीकडे, म्हणजे काकांच्या घरी आला, आणि त्यावरून जे बोलणं बंद झालं ते झालं. दोघंही एकमेकांचं नाव घेत नसत. काका म्हणत 'समोरचे', आणि समोरचे काकांना 'समोरचे' म्हणत, त्यामुळे आळीत कोण कुणाबद्दल बोलतं आहे हे ओळखायला आधी तो कुठल्या ओट्यावर बसला आहे ते पाहावं लागे. नेम असा होता की पालखीपुढचा माणूस वाटेत थांबला, पडला किंवा त्यानं आधार घेतला, तर धाकट्या पातीच्या माणसानं तिथूनच पुढे चालायचं, आणि मान कायमचा त्या घराचा. म्हणून समोरचे दरवर्षी पालखीच्या कडेनं, स्वच्छ धोतर नेसून, वैशाखाच्या उन्हात तापलेल्या चिऱ्यांवरून अनवाणी चालत. कशासाठी, ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. काकांना मूल नव्हतं. दुकान म्हणाल तर चिमटीएवढं. आपण गेल्यावर आपल्या घराचं काय राहील असा प्रश्न त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण वर्षातून एकदा सगळी आळी त्यांच्या पावलांच्या मापानं चालते, तेवढीच त्यांची मिळकत होती आणि ती हातची जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

अशा माणसाचा गुडघा बिघडला. डावा. आधी नुसता दुखे, मग संध्याकाळी सुजे, मग मधेच अडे. बसले की उठताना अडायचा आणि उठले की बसताना. काही वेळानं 'कट्' असा आवाज होऊन आपोआप सुटायचा. काकांनी याचा राग केला नाही. त्यांनी त्या गुडघ्याला जावयासारखं वागवायला सुरुवात केली. पंगतीत त्याच्यासाठी वेगळा पाट, त्याच्या अंगावर शालीचं टोक, सकाळी त्याला निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रात्री एरंडाच्या पानाला तेल लावून ते बांधणं. "आज जावईबुवांची मर्जी बरी नाही," असं म्हटलं की आम्ही समजायचं, काका आज जिना चढणार नाहीत. आत्या एकदा चुलीपुढे बसून तेल कोमट करता करता म्हणाली, "मुलगी झाली नाही, पण जावई तेवढा मिळाला." ती हसली, आम्हीही हसलो. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी तेलाची वाटी तिच्या हातातून घेतली आणि त्या दिवशी स्वतःच चोळलं.

काही महिन्यांनी गुडघ्याच्या मागच्या बाजूला, लवणीत, एक गाठ वर आली. सुपारीएवढी, गोल, गुळगुळीत, दाबली की जराशी आत जाऊन पुन्हा वर येणारी. आणि इथे आमच्या आळीनं जी चूक केली ती दुसऱ्या कुठल्या गावच्या आळीला सुचली नसती. शेजारची एक म्हातारी बाई गाठ बघायला आली, तिनं ती चाचपली, बराच वेळ निरखली आणि जाहीर केलं की हा रोग नव्हे, हा डोळा आहे. इतकी वर्षं हा माणूस मागे न बघता देवापुढे चालला, आता वय झालं, अडखळू नये म्हणून नरसिंहानं त्याला मागच्या अंगाला डोळा दिला. गाठ गोल होती, चकाकत होती आणि मागे होती. एवढा पुरावा आळीला पुष्कळ झाला. दुसऱ्या दिवसापासून लोक दर्शनाला येऊ लागले. काका ओट्यावर पालथे निजत, धोतराचा काठ जरा वर घेत आणि म्हणत, "बघा. पण दाबायचं तर हळू." म्हातारीनं गाठीला हळदकुंकू लावलं. कुणी तरी विचारलं की हा डोळा मिटतो का, तर काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की मला मागचं दिसत नाही, तुम्हीच बघून सांगा. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण काकांचा निम्माशिम्मा तरी होता. दुखणं ही शिक्षा नसून बक्षीस आहे असं कुणी सांगितलं तर कोणाला आवडणार नाही? त्या वर्षी ते पालखीपुढे चालले ते मान ताठ करून, आणि घरी आल्यावर रात्रभर उशीत तोंड खुपसून कण्हत राहिले.

शेवटी आत्यानंच मला बोलावून सांगितलं, "डोळा असो नाहीतर कान असो, ह्यांना डॉक्टरकडे ने." पलटणीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर तेव्हा मेन रोडला बसत. पहिल्या महायुद्धात शिपायांचे पुष्कळ गुडघे त्यांनी पाहिले होते. त्यांनी ओळखीनं देवळालीला छावणीत गुडघ्याचा फोटो काढवून घ्यायला सांगितलं. फोटो म्हटल्यावर काका ठेवणीतलं पागोटं घालून आणि आत्याला पैठणी नेसवून टांग्यात बसले. तिथं नुसता गुडघाच काढतात हे कळल्यावर आत्या अगदी खट्टू झाली. फोटोत हाडं अगदी ठाकठीक निघाली. काकांनी तो काळा फोटो उन्हात धरून आळीतल्या प्रत्येकाला दाखवला आणि समोरच्या घराच्या दिशेनं जरा जास्तच वेळ धरला.

डॉक्टरांना मात्र त्या फोटोनं समाधान झालं नाही. त्यांनी काकांना पालथं निजवलं, कुंकू पुसलं आणि जाड सुई घालून गाठीतलं पाणी काढलं. पाणी कसलं, साबुदाण्याच्या पेजेसारखा घट्ट, नितळ चिकटा होता. मग त्यांनी दोन टॉवेलांना पीळ घातला आणि ते फुलीसारखे एकमेकांवरून घेऊन आम्हाला समजावलं. "गुडघ्याच्या पोटात अशा दोन दोऱ्या असतात. वरचं हाड खालच्या हाडावरून पुढे-मागे घसरू नये म्हणून देवानं बांधलेल्या. तुमची त्यातली एक आतून विटली आहे. तुटली नाही, पण जुन्या सुंभासारखी फुगली, विस्कटली, आणि तिच्या पिळात हा चिकटा धरून गाठ झाली असावी. मागे दिसते ती बाहेर आलेली. आत आहे ती सांध्यात मधेच सापडते, म्हणून गुडघा अडतो. अर्थात आत उघडून बघितल्याशिवाय छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. मुंबईला नेऊन उघडावा लागेल. कधी बरा होतो, कधी पाय जन्माचा ताठ राहतो."

काकांनी विचारलं, "ताठ पायानं उलटं चालता येतं का?"

डॉक्टर बघतच राहिले. "उलटं कशाला चालायचं?"

मी सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी टॉवेल उलगडून त्यांची घडी घातली, ती बाजूला ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, माझं ऐका. देवाला म्हणावं, मी दारातून नमस्कार करतो. तुम्ही पाऊल मागे टाकून त्याच्यावर भार देता तेव्हा सगळा ताण त्या विटलेल्या दोरीवर येतो. एखाद्या दिवशी गुडघा भर रस्त्यात अडेल, आणि तेव्हा तो लगेच सुटेलच असं नाही."

काकांनी नमस्कार केला आणि मागे सरत सरत दवाखान्याबाहेर पडले. आळीत बातमी आधीच पोचली होती की डॉक्टरनं सुई घालून डोळा फोडला. म्हातारीनं सुतक असल्यासारखा चेहरा केला. महिना-दीड महिन्यानं गाठ पुन्हा भरली तेव्हा तिला फार बरं वाटलं, पण आता काका कुणाला धोतर वर करून दाखवेनात. त्यांना टॉवेल आठवत असावेत. मी त्यांना तपकिरीची पुडी बांधायचा दोरा हातात घेऊन, त्याचा पीळ उलगडून, त्यातले धागे निरखत बसलेलं पाहिलं आहे.

दुसऱ्या वर्षी वैशाख आला. आत्यानं खूप सांगून पाहिलं. रडली, अबोला धरला, शेवटी म्हणाली, "त्यांना द्या की मान. त्यांच्याकडे मुलगे आहेत, नातू आहेत. आपल्यानंतर तो तिकडेच जायचा आहे." काका म्हणाले, "आपल्यानंतर जाऊ दे. माझ्या देखत माझ्या पायानं तो आळी ओलांडून जायला नको." काकांनी तपकीर बंद केली आणि सकाळच्या उन्हात भिंतीच्या कडेनं सराव सुरू केला. डावा पाय मागे टाकताना ते ओठ आवळून घेत, हे मला दिसत होतं आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही दिसत होतं.

पालखी निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माझ्याकडे काम होतं काकांच्या मागच्या रस्त्यावरची गुरंढोरं बाजूला करायचं; त्यांना सूचना करायची मला परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती. घाण्याचं वळण त्यांनी झोकात घेतलं. तांबटांनी हातोडे खाली ठेवून नमस्कार केला. काकांचे डोळे पालखीतल्या मूर्तीवर होते, कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, आणि हात जोडलेले असल्यामुळे तो पुसता येत नव्हता. गंगेचा गार वारा आला. त्यांनी उतारावर डावं पाऊल मागे टाकलं, त्याच्यावर भार दिला, आणि तो नेहमीचा 'कट्' आवाज आलाच नाही. गुडघा अर्ध्यात वाकलेला तिथेच राहिला. काकांनी पाय उचलून घेतला आणि ते एका पायावर उभे राहिले. पालखी थांबली. पुढचे टाळ थांबले, मग मागचे. त्यांनी पुन्हा पाऊल मागे टाकून पाहिलं. टाच टेकली की पाय लटपटे, वर घेतला की दुसरा कापे. हात मात्र सुटले नव्हते.

पुजाऱ्यांनी वाट पाहिली. मग त्यांची नजर पालखीच्या कडेला गेली, आणि त्यांच्यामागून सगळ्या आळीची गेली. समोरचे पुढे आले. अनवाणी, स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं. जन्मभर ज्या क्षणासाठी त्यांनी तळपाय भाजून घेतले तो क्षण त्यांच्यापुढे एका पायावर उभा होता. ते काकांच्या अगदी शेजारी येऊन थांबले. काकांनी मूर्तीवरची नजर काढली नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आपल्या भावाशी बोलले. हळू बोलले, पण मी जवळच होतो.

"घे," ते म्हणाले. "मागं उतार आहे. टाच आधी टेकू नकोस, चवडा टेक."

समोरच्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. मग ते भोयांकडे वळले आणि म्हणाले, "पालखी मागं घ्या."

कुणाला कळेना. पुढचा म्हातारा भोई म्हणाला, "मागं? माघारी वळवायची?"

"वळवायची नाही. ह्यांच्याकडं तोंड असू दे देवाचं. तसेच मागं मागं देवळात चला. ह्यांना पुढं चालता येईल, मागं येत नाही."

"उलट्या पायानं? मालक, आमी कदी तसं चाललो नाय."

"हे चालले की इतकी वर्षं. तुम्हाला एक दिवस जमत नाही?"

पुजारी मधे पडले. देवाची आंघोळ चुकेल, नेम मोडेल, असं कधी झालं नाही, मान आता रीतीनं तुमच्याकडे आला आहे, तुम्ही उभे राहा म्हणजे झालं. समोरचे एकदम चिडले. "मला मान पाहिजे! पाहिजे म्हणून तर पाय भाजतोय. पण असा नको. उद्या नातवंडांना काय सांगू, देवानं दिला का गुडघ्यानं दिला? आंघोळीला घागरीनं पाणी आणा देवळात. आणायला मी जातो."

म्हातारा भोई हसला. "देवाला पुडं नेलं काय न मागं नेलं काय, आमचा खांदा त्योच हाय. चला रं, चवड्यावर."

आणि पालखी उलटी चालू लागली. भोई अडखळत होते, एकमेकांच्या पायावर पाय देत होते, छत्री एकीकडे आणि चवरी दुसरीकडे होत होती. मागे चालणाऱ्या लोकांची तर अशी त्रेधा उडाली की निम्मे गटारात आणि निम्मे ओट्यांवर चढले. अशी फजितीची मिरवणूक नाशकानं कधी पाहिली नसेल. आणि तिच्यापुढे काका, वाकलेला डावा पाय ओढत, हात जोडून, सरळ पावलांनी चालत होते. उभा जन्म देव त्यांच्या अंगावर येत राहिला आणि ते मागे सरत राहिले. आता ते देवाकडे चालले होते आणि देव मागे सरत होता. ते रडत होते. मीही रडत होतो, आणि आपण कशासाठी रडतो आहोत हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. गुरं हाकायचं माझं काम संपलं होतं, म्हणून मी नुसता त्यांच्या मागून गेलो.

मान गेला की राहिला यावर आळीत पुढे बरेच दिवस खल झाला. काका थांबले होते हे खरं, पण त्यांनी आधार घेतला नव्हता, आणि ज्यानं मान घ्यायचा त्यानंच घेतला नव्हता. पुजाऱ्यांना काही ठरवता येईना. शेवटी काकांनीच ठरवलं. एका सकाळी काठी टेकत ते आळी ओलांडून समोरच्या ओट्याशी गेले आणि म्हणाले, "तू सरळ माणसासारखा चालतोस. असं चालणार नाही. उद्यापासून शिकायला ये." त्यानंतर वर्षभर रोज सकाळी आळीत एक तमाशा असे. समोरचे हात जोडून मागे सरत आणि काका काठी टेकत त्यांच्यापुढून देव होऊन येत. "मान वळवू नकोस." "वास घे, वास. घाणा कुठं आहे?" "फरशी आली, तळवा काय सांगतोय?" समोरचे वैतागून म्हणत, "देव एवढं बोलत नाही." काका म्हणत, "तो इतक्या जवळून तुला कुठं माहीत आहे?" मग कधी कधी दोघं मधेच थांबत आणि लहानपणच्या कुठल्या तरी मास्तरांवरून हसत सुटत. गुडघा मुंबईला न्यायचा तेवढा राहून गेला. तो पुढे कायमचाच थोडा वाकलेला राहिला, आणि काका चार पावलांवर बसायला जागा शोधू लागले.

पुढच्या वैशाखात समोरचे पालखीपुढे चालले. काकांना गंगेपर्यंत जाणं शक्य नव्हतं. ते आपल्या ओट्यावर बसले होते, आणि मी शेजारी. आत्याही त्या वर्षी पालखीबरोबर गेली नाही. पालखी देवळातून निघाली. समोरचे चवड्यावर अलगद मागे सरत आले, ओट्यासमोरून पुढे गेले, एकदाही अडखळले नाहीत. काकांनी मान डोलावली. मूर्ती समोरून गेली तेव्हा त्यांनी हात जोडले. मग पालखी पुढे गेली, तिच्यामागून टाळकरी, त्यांच्यामागून बायका, आणि सगळं घाण्याच्या वळणाकडे लांब लांब जाऊ लागलं. काका हात जोडून बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, नवल होतं.

"अगं," ते आत्याला म्हणाले, "पालखी जाताना अशी दिसते? पाठीमागून? नुसता गोंडा न् भोयांची डोकी. देव दिसतच नाही की."

आत्या म्हणाली, "आम्ही बायका मागूनच चालतो. लग्न होऊन आल्यापासून मी एवढंच पाहत्ये."

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. पालखी वळणाआड गेली. मग त्यांनी दोन्ही हातांनी तो वाकडा पाय उचलून एका बाजूला घेतला, आणि तिला बसायला आपल्याशेजारी जागा करून दिली.